खिडकीच्या अलीकडची रांग

सरकारी कामाला किती वेळ लागतो हे मोजायचे तर घड्याळ कुठून सुरू करायचे हे आधी ठरवावे लागते. न्यू जर्सीत ग्रीनकार्डाची वाट पाहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न पडत नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांची संख्या वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ठेवली आणि एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा दंडक घातला. परिणामी भारतीयांची रांग दहा वर्षांहून अधिक तुंबली. पण त्या रांगेत प्रत्येकाला एक तारीख मिळते आणि कुठल्या तारखेपर्यंतची पाळी आली हे तिथले परराष्ट्र खाते महिन्याच्या महिन्याला छापते. अन्याय आहे, पण तो मोजता येतो. जालना जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या लोक ज्या कागदासाठी थांबत आले तो परमुलखाचा नाही, आपल्याच तालुक्याचा आहे : जातीचा दाखला, आणि त्यामागोमाग जात वैधता प्रमाणपत्र. ही प्रतीक्षा बहुतांशी अर्जाची पावती मिळण्याआधीच भोगून होते, म्हणून ती कुठल्याही प्रलंबित अर्जांच्या तक्त्यात दिसत नाही. ती कारकून कमी पडले म्हणून निर्माण झालेली नाही. जुनी दप्तरे धुंडाळण्याचे काम राज्यसंस्थेने शंभरेक वर्षांत अर्जदाराच्या माथी मारले, त्यातून ती वाढली.

याचा पहिला ठळक नमुना निजामाच्या राजवटीतच सापडतो. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. उत्तरेकडून आणि मद्रास इलाख्यातून येणाऱ्या शिकलेल्या उमेदवारांना आवर घालण्यासाठी निजामाने १९१९ मध्ये फर्मान काढून ‘मुल्की’ कोण हे ठरवले. ढोबळमानाने, संस्थानात सलग पंधरा वर्षे राहिलेला आणि पुढेही इथेच राहू इच्छिणारा माणूस मुल्की. सरकारी नोकरी त्याला. इतरांना खास परवानगीवाचून नाही. आजच्या भाषेत हा स्थलांतराचा कायदाच होता, फक्त सरहद्द संस्थानाची होती. पंधरा वर्षांचा रहिवास सिद्ध कोणी करायचा? उमेदवाराने. ज्याच्यापाशी जमीन, वतन किंवा ओळखीचा अंमलदार, त्याला कागद मिळवणे सोपे. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही तो पिढीजात इथला असूनही कागदाने उपराच. संस्थान विलीन झाल्यावरही नियम टिकला आणि १९५२ मध्ये हैदराबादेत मुल्की आंदोलन पेटले, गोळीबार झाला. बाहेरून आलेल्यांना मुल्की असल्याचे खोटे दाखले सर्रास मिळतात, ही त्या वेळची मोठी तक्रार होती. म्हणजे खरा दाखला दुर्मीळ आणि खोटा सुलभ, ही मराठवाड्याला आज ओळखीची वाटणारी स्थिती सत्तर वर्षांपूर्वीच तयार झालेली होती.

मग कागदांची फाटाफूट सुरू झाली. संस्थानच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवरचे पुष्कळ लिखाण मात्र मोडीत होत राहिले. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके औरंगाबादेतून आले, तर परतूर परभणीतून. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते; दप्तरे तितक्या सरळ हलत नाहीत. परतूर तालुक्यातल्या एखाद्या कुटुंबाचा कागदोपत्री मागोवा घ्यायचा तर आजोबांची नोंद उर्दूत, तिची वरची प्रत कदाचित हैदराबादच्या अभिलेखागारात, नंतरचे महसुली कागद परभणीला, त्यानंतरचे जालन्याला, आणि वैधतेची समिती विभागीय असण्याच्या काळात तिच्यापुढे हजेरी औरंगाबादला. राज्ये आणि जिल्हे बदलले ते सरकारच्या निर्णयाने. त्या बदलांत विस्कटलेला माग जुळवायचा अर्जदाराने, स्वखर्चाने, स्वतःला न वाचता येणाऱ्या लिपीत.

हा भार माणसाच्या जातीमुळे नव्हे, दप्तर कोणाच्या ताब्यात होते त्यामुळे पडला, हे पाहायला फार लांब जायला नको. जाफराबादच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. तो वऱ्हाडाचा भाग. १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. शेतीची पद्धत, बोली, देवदेव सारखे, सोयरिकी तर शिवेच्या आरपार. तरी वऱ्हाडात कुणबी म्हणून दाखला सहज निघतो आणि निजामाच्या बाजूला त्याच नात्यागोत्यातला माणूस ‘मराठा’ नोंदला जातो, असे चित्र वर्षानुवर्षे राहिले. १ जून २००४ च्या शासन निर्णयाने मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा यांचा इतर मागास वर्गांच्या यादीत समावेश झाला खरा, पण पुराव्याची वाट तीच राहिली. यादीत नाव आले. यादीपर्यंत पोचवणारा कागद कुठल्या कपाटात आहे हे कोणी सांगितले नाही.

कायद्याने हा भार अधिक पक्का केला. महाराष्ट्रात इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेपूर्वीचा पुरावा हवा. शाळेचा निर्गम उतारा, जन्ममृत्यूची नोंद, महसुली कागद, वंशावळ. ज्या घरात १९६७ पूर्वी कोणी शाळेत गेलेच नाही त्या घराने निर्गम उतारा आणायचा कुठून, याचे उत्तर नियमांत नाही. २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या आठव्या कलमाने सिद्धतेचा भार दावेदारावरच असल्याचे स्पष्ट लिहिले. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा या बाबतीत मोठी सुधारणा म्हणून आला, आणि काही अंशी ती होतीही : सेवेला मुदत ठरली, वर अपिलाची सोय झाली. पण त्या कायद्यातले घड्याळ सुरू होते ते सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज परिपूर्ण करण्यात गेलेले महिने, तहसीलच्या अभिलेख कक्षाच्या फेऱ्या, उर्दू वाचणाऱ्याचा शोध, ‘त्रुटी’ निघाली म्हणून परत आलेला गठ्ठा, हे सारे त्या घड्याळाच्या अलीकडचे. अधिकारी आपला मुदतीतला निपटारा खऱ्या आकड्यांनिशी दाखवू शकतो आणि दारातला माणूसही खरेच सांगत असतो की दोन वर्षे झाली.

उलट नागरिकाला मुदत द्यायची असते तेव्हा घड्याळ तत्काळ चालू होते. राखीव जागेवर निवडून आलेल्या ग्रामपंचायत किंवा नगरपालिका सदस्याने सहा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर सदस्यत्व आपोआप जाते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कायम केले. प्रमाणपत्र देणारी समिती सरकारची, उशीर समितीचा, पद मात्र सदस्याचे जाते. पुढे सरकारला मुदतवाढीचे कायदे करून स्वतःच्याच नियमातून वाट काढावी लागली. अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेशाच्या मोसमातही तेच : वैधता नाही, म्हणून अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश, पुन्हा मुदतवाढ, पुन्हा हमीपत्र. अपवादावर चालणारी व्यवस्था बाहेरून दयाळू दिसते. आतून ती माणसाला कायम उपकाराखाली ठेवते.

या पार्श्वभूमीवर २०२३ च्या सप्टेंबरात जे घडले त्याचे महत्त्व राजकारणापलीकडचे आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणासाठी २९ ऑगस्टला उपोषण सुरू केले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला, आणि ७ सप्टेंबरला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे निजामकालीन नोंदी तपासून दाखल्याची कार्यपद्धती ठरवण्याचे काम सोपवले. महसूल, शिक्षण, भूमी अभिलेख, जन्ममृत्यू, तुरुंग अशा खात्यांची दप्तरे उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधले गेले. समिती हैदराबादलाही गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला अहवाल आला तेव्हा मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या आसपास कागद तपासून झाले होते आणि ११,५३० कुणबी नोंदी हाती आल्या होत्या. पावणेदोन कोटींत साडेअकरा हजार म्हणजे काहीच नाही, अशी टीका तेव्हा झाली. या लेखापुरता मुद्दा उलटा आहे. एकट्यादुकट्या अर्जदाराला आयुष्यात जमले नसते ते काम सरकारी यंत्रणेने आठ आठवड्यांच्या आत केले. नोंद सापडणे ही जशी सेवा, तशी ‘नोंद नाही’ हे पहिल्याच महिन्यात कळणे हीही सेवाच. जालन्याच्या शेतकऱ्याला आजवर दोन्हींपैकी काहीच मिळत नव्हते.

यावर पहिला आक्षेप बनावट दाखल्यांचा, आणि तो हलका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या कुमारी माधुरी पाटील निकालात पडताळणी समित्यांची आणि दक्षता पथकांची चौकट घालून दिली ती याच कारणाने. तपासणी कडक हवी. वेळ लागला तरी चालेल, असे त्यावरून म्हटले जाते. पण त्या निकालातल्या घटना पाहिल्या तर विलंबाने फायदा कोणाचा झाला? महादेव कोळी असल्याचा दावा टिकला नाही, तोवर त्या दाव्यावर प्रवेश झालेला होता आणि शिक्षण बरेच पुढे गेले होते. खोट्या दावेदाराला वेळकाढूपणा परवडतो, कारण तो निकाल लागेपर्यंत लाभ घेत असतो. खऱ्या दावेदाराला तो परवडत नाही, कारण त्याची जागा तोवर भरून जाते. शिवाय दावा खोडून काढणे आणि मूळ नोंद शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. जुनी नोंद सरकारने स्वतः शोधून अनुक्रमणिकेत लावली तर खाडाखोड केलेला उतारा पकडणेही सोपे जाते. कडक तपासणीच्या नावाने आपण दप्तर बंद ठेवले, आणि बंद दप्तरात खाडाखोड करणाऱ्यांना एकांत मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड, आणि तोही अंबड तालुक्यातूनच उठला. १७ नोव्हेंबर २०२३ ला अंबडमध्ये छगन भुजबळांची ओबीसी सभा झाली. २०२४ च्या जूनमध्ये वडीगोद्रीला लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे उपोषणाला बसले. त्यांचे म्हणणे असे की शोधमोहीम हा मागच्या दाराने वाटेकरी वाढवण्याचा मार्ग आहे. आरक्षणात कोण असावे याचा निकाल दप्तरे लावू शकत नाहीत, हे मान्यच करायला हवे. १८८४ च्या औरंगाबाद गॅझेटिअरसारख्या ग्रंथात जातींचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत. तेवढ्यावर आजच्या एका माणसाचा दाखला काढणे हे पुराव्यावर जास्तीचे ओझे टाकणे आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेतला आणि ती उणीव गावपातळीवरच्या समितीने आणि १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाच्या शपथपत्राने भरून काढायचे ठरवले. ती पद्धत कितपत टिकेल यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण वाटेकरी किती हा वाद कायद्याने मिटवायचा आहे. दप्तर दडवून, अर्जदाराला थकवून त्याची संख्या कमी ठेवणे हा त्याचा मार्ग नव्हे. तसे केले तर आळा बसतो तो गरिबाला, कारण ज्याची ऐपत आहे तो उर्दू जाणणाराही गाठतो आणि वकीलही.

ओबीसींच्या आक्षेपात दडलेली एक बाजू मात्र कोणी पुरेशी लावून धरली नाही. शिंदे समितीच्या मोहिमेत जे पावणेदोन कोटी कागद कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांखालून गेले त्यांत धनगरांची, वंजाऱ्यांची, लमाणांची, कैकाड्यांची नावेही असणारच. शाळेचे दाखलखारीज नोंदपुस्तक काही एका जातीपुरते लिहिले जात नाही. मोहिमेची कार्यकक्षा कुणबी नोंदीपुरती असल्याने शोधला गेला तो तेवढाच उल्लेख. सापडलेल्या नोंदी जिल्हावार जाहीर झाल्या, बाकीची पाने पुन्हा कपाटात गेली. त्यानंतर बंजारा समाजाने त्याच हैदराबाद गॅझेटिअरचा आधार घेत अनुसूचित जमातीची मागणी पुढे आणली आहे. ती मान्य होवो वा न होवो, उद्या एखादी दुसरी समिती नेमली गेली तर जालन्याच्या तहसिलींत तीच कपाटे उघडली जातील, तोच उर्दू वाचणारा बोलावला जाईल आणि तीच पाने पहिल्यापासून उलटली जातील. तोवर मंठ्याच्या तांड्यावरच्या किंवा भोकरदनच्या पालावरच्या मुलाने १९६१ पूर्वीचा पुरावा स्वतःच शोधून आणायचा आहे.