पुनरुज्जीवन-प्रशिक्षणाचे पुतळे व त्यांचे सुटे भाग

बंद पडलेले श्वसन व हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्याच्या उपचारांचा सराव ज्यावर करतात, त्या मानवाकृती प्रतिकृती. मुखवटा, श्वसनमार्ग, फुप्फुस-पिशवी, झडप आणि छातीतील स्प्रिंग हे त्यांचे बदलावे लागणारे प्रमुख भाग होत. मुखवटा व पिशवी स्वच्छतेसाठी बदलतात. स्प्रिंग मात्र शिक्षण अचूक राहावे म्हणून बदलावी लागते आणि नेमकी तीच विसरली जाते.

पीटर सेफर यांनी बॉल्टिमोर येथे १९५७-५८ च्या सुमारास तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीची उपयुक्तता दाखविली, ती स्नायुशिथिलक औषधे दिलेल्या स्वयंसेवकांवर. हजारो लोकांना शिकविण्यास हा मार्ग अर्थातच निरुपयोगी होता. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील खेळण्यांचे उत्पादक ओस्मुन लेर्डाल यांना मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचा अनुभव होता. त्यांनी भूलतज्ञांच्या साहाय्याने १९६० मध्ये ‘रेसुसी ॲन’ हा पुतळा सिद्ध केला. सेन नदीत बुडालेल्या एका अज्ञात तरुणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला मुखवटा त्याच्या चेहऱ्यासाठी घेण्यात आला. मुखवट्यामागील कथा कितपत खरी, हा प्रश्न वेगळा. त्याच वर्षी कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सेफर यांच्या सूचनेवरून पुतळ्याच्या छातीत स्प्रिंग बसविण्यात आली.

एकाच मुखवट्याला अनेकांचे ओठ लागत असल्याने संसर्गाची शंका लवकरच निर्माण झाली. प्रथम यकृतशोथाच्या व पुढे एड्सच्या भीतीमुळे निर्जंतुकीकरणाचे नियम कडक झाले. अल्कोहॉलने पुसणे व हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडविणे यांबरोबर प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यास स्वतंत्र मुखवटा आणि एकदा वापरून टाकावयाचा श्वसनमार्ग देण्याची प्रथा पडली. पुतळा एकदाच विकत घ्यावयाची वस्तू राहिला नाही. त्याचा आवर्ती खर्च सुरू झाला.

महाराष्ट्रात आपत्कालीन मदतकार्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. नागपूर येथे १९५७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था १९६८ पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. वैद्यकीय शिक्षणात २०१९ च्या अभ्यासक्रमाने कौशल्य-प्रयोगशाळांना महत्त्व दिले. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणच्या जुन्या शासकीय महाविद्यालयांनाही (तेथील स्थापना १९५६) पुतळ्यांच्या देखभालीचा विचार करणे भाग पडले. खरेदीसाठी निधी मिळतो. पिशव्या व झडपा यांची तरतूद बहुधा मागे राहते. हे भाग सामान्यतः एकेका नमुन्यापुरतेच बनविलेले असतात. दुसऱ्या नमुन्याची पिशवी नीट बसत नाही, हवा बाजूने निसटते आणि छाती वर येत नाही.

भारतीय भूलतज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबावर आधारलेली पद्धत पुरस्कारिली. तीत मुखवट्याचे व पिशवीचे काम उरत नाही, स्प्रिंगचे महत्त्व मात्र वाढते. प्रौढाची छाती सु. ५ ते ६ सेंमी. दाबावी लागते. सततच्या वापराने सैल झालेली स्प्रिंग अल्प बळानेच तेवढी दबते. प्रशिक्षणार्थ्याचा हात त्या बळालाच सरावतो आणि खऱ्या रुग्णाच्या ताठ बरगड्यांवर त्याचा दाब अपुरा पडतो.