डीएनए आलेख व क्रमनिर्धारण

डीएनए आलेख व क्रमनिर्धारण : पेशींतील डीएनए तपासून व्यक्तीची ओळख, नातेसंबंध, जनुकांतील बदल किंवा रोगजंतूचा प्रकार ठरवण्याच्या दोन पद्धती. आलेख काढताना, म्हणजे प्रोफायलिंगमध्ये, डीएनएवरील मोजक्या ठिकाणांची लांबी मोजतात. क्रमनिर्धारणात, म्हणजे सिक्वेन्सिंगमध्ये, ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन या क्षारकांचा क्रम एकेक करून वाचतात. फौजदारी खटल्यातला ‘डीएनए रिपोर्ट’ बहुधा पहिल्या पद्धतीचा असतो.

तत्त्व : मानवी जीनोमच्या एका संचात सुमारे ३ अब्ज क्षारकजोड्या असतात. त्यांपैकी सुमारे ९९.९ टक्के क्रम कोणत्याही दोन माणसांत सारखाच असतो. ओळख पटवण्यासाठी जिथे क्षारकांचा छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा येतो, ती ठिकाणे निवडतात. त्यांना एसटीआर म्हणतात. अकराव्या गुणसूत्रावरील टीएच०१ या ठिकाणी चार क्षारकांचा तुकडा असा पुन्हा पुन्हा येतो. आईकडून ६ आणि वडिलांकडून ९ आवृत्ती आल्या, तर त्या व्यक्तीची नोंद ‘६, ९’ अशी होते. एका ठिकाणची अशी जोडी अनेकांत आढळते. वीसेक ठिकाणांच्या जोड्या एकत्र धरल्या की दोन व्यक्तींचे आलेख योगायोगाने जुळण्याची शक्यता गुणाकाराने घटत जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए संग्रहात आधी १३ ठिकाणे धरत, २०१७ पासून २० धरतात.

आलेखाची कृती : रक्त, लाळ, वीर्य, मुळासकट केस किंवा हाड यांतून डीएनए वेगळा करतात. तो फार थोडा असल्याने पीसीआरने त्याच्या प्रती काढतात. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला दोन्ही धागे सुटतात, ६० अंशांच्या आसपास प्रारंभक तुकडे ठरलेल्या जागी चिकटतात आणि ७२ अंशांना विकर नवा धागा जोडते. दर फेरीत प्रती जवळपास दुप्पट होत असल्याने २८ फेऱ्यांत एका रेणूपासून सुमारे २७ कोटी प्रती होऊ शकतात. चमकणारे रंग जोडलेले हे तुकडे विद्युतदाबाखाली केसाएवढ्या बारीक नळीतून सोडतात. आखूड तुकडे आधी पोहोचतात, लांब नंतर. त्यांची शिखरे संगणक नोंदवतो. अमेलोजेनिन या जनुकाची एक्स गुणसूत्रावरील प्रत वाय गुणसूत्रावरील प्रतीपेक्षा सहा क्षारकांनी आखूड असते. त्यावरून लिंग कळते.

क्रमनिर्धारण : फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या पद्धतीत प्रत वाढत असताना धागा थांबवणारे बदललेले घटक मिसळतात. वेगवेगळ्या लांबीवर थांबलेले तुकडे रांगेत लावले की क्रम वाचता येतो; एका वेळी साधारण ८०० क्षारक. नव्या यंत्रांत कोट्यवधी छोटे तुकडे एकाच वेळी वाचून संगणकावर जुळवतात. नॅनोपोअर पद्धतीत धागा सूक्ष्म छिद्रातून जाताना विद्युतप्रवाहात पडणाऱ्या फरकावरून क्षारक ओळखतात.

इतिहास : ॲलेक जेफ्रीस यांना लीस्टर विद्यापीठात १० सप्टेंबर १९८४ रोजी व्यक्तीगणिक वेगळा डीएनए नमुना दिसला. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील लालजी सिंग यांनी देशी पद्धत विकसित केली. मानवी जीनोमचा आराखडा २००१ मध्ये आला आणि उरलेल्या बहुतेक फटी २०२२ मध्ये भरल्या गेल्या.

महाराष्ट्रातील वापर : राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे असून कोल्हापुरातही प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. तिथला अहवाल पोलीस व वकिलांच्या बोलण्यात ‘सी.ए. (केमिकल ॲनालायझर) रिपोर्ट’ म्हणून येतो. २६/११ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात ‘कुबेर’ बोटीतील वस्तूंवर मिळालेला डीएनए हल्लेखोरांशी जुळला आणि समुद्रमार्गाच्या पुराव्यातला तो एक दुवा ठरला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या चमूने राखीगढी येथील एका स्त्रीच्या सांगाड्यातील प्राचीन डीएनएचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. करोना विषाणूच्या ज्या वंशातून पुढे डेल्टा प्रकार आला, तो २०२० च्या अखेरीस महाराष्ट्रातील नमुन्यांच्या क्रमनिर्धारणातून लक्षात आला.

नमुन्याची जपणूक : यंत्र कितीही अचूक असले तरी निकाल नमुन्यापेक्षा चांगला होऊ शकत नाही. ओल्या कपड्यांवर जिवाणू व बुरशी वाढून डीएनए तुटतो. गगनबावडा, राधानगरीसारख्या मुसळधार पावसाच्या तालुक्यांत हा धोका मोठा. म्हणून कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पंचनामा, लाखेची मोहर, मुद्देमाल कारकुनाची नोंद आणि प्रयोगशाळेतील पोच यांत खंड पडला, तर चांगला आलेखही न्यायालयात लंगडा पडतो.

मर्यादा : एकाच फलनापासून झालेल्या जुळ्यांचा एसटीआर आलेख सारखाच येतो. अनेकांचा डीएनए मिसळला असेल, तर शिखरे वेगळी करणे अवघड जाते. रक्ताच्या नातेवाइकांत समान जोड्या अधिक असतात. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या समाजांत हिशेब करताना हे ध्यानात घ्यावेच लागते. वाय गुणसूत्राच्या आलेखावरून पितृवंश कळतो, पण त्या वंशातले भाऊ, काका वेगळे ओळखू येत नाहीत. १६,५६९ क्षारकजोड्यांचा सूत्रकणिकेतील डीएनए मातृवंशाचा असतो. जुन्या हाडांत व मूळ नसलेल्या केसांत बहुधा तोच उपयोगी पडतो.

कायदा : सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ (३) मध्ये आहे. डीएनएविषयीचे स्वतंत्र विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये मागे घेतले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रातील एका दांपत्याच्या वादात, मुलाची डीएनए चाचणी सरसकट करू नये, त्याच्या खासगीपणाचा व हिताचा विचार आधी व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी काम करते. तेथील फौजदारी अपिलांतही अशा अहवालांची छाननी होते. डीएनए कोणाचा, एवढेच अहवाल सांगतो. तो तिथे केव्हा आणि कसा पोहोचला, हे इतर पुराव्यांनीच सिद्ध करावे लागते. निर्दोष माणसाला न्याय मिळण्यासाठी हा फरक न्यायाधीश, वकील आणि तपास अधिकारी या सर्वांनी जपणे आवश्यक आहे.