तारण आणि विपुल जीवन (ख्रिस्ती धर्म)

तारण : माणूस पापाच्या आणि मृत्यूच्या सत्तेतून सुटून देवाशी पुन्हा जोडला जातो आणि हे येशू ख्रिस्ताच्या मरणामुळे व पुनरुत्थानामुळे घडते, ही ख्रिस्ती धर्मातील मध्यवर्ती श्रद्धा. या सुटकेतून लाभणाऱ्या आयुष्याला योहानाच्या शुभवर्तमानाच्या आधाराने ‘विपुल जीवन’ म्हणतात. तारण म्हणजे मेल्यावर स्वर्ग, एवढीच समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि अनेक प्रवचनांतूनही तेवढेच पोचते. नव्या करारातील कल्पना मात्र त्याहून बरीच ऐहिक आहे. तारण आजच्या आयुष्यात सुरू होते आणि विपुल जीवन ही त्याचीच दुसरी बाजू आहे, असे तिथले लेखक गृहीत धरून चालतात. पुढच्या दोन हजार वर्षांतले पुष्कळ वाद या दोहोंची फारकत झाल्यामुळे उभे राहिले.

कल्पनेचे मूळ यहुदी इतिहासात आहे. मोशेने इस्राएल लोकांना मिसर देशातील दास्यातून बाहेर काढले, ही जुन्या करारातील तारणाची पहिली मोठी कथा. तिच्यात परलोकाचा प्रश्नच येत नाही. विटा पाडण्याची वेठ, फारोचे सैन्य, तांबडा समुद्र आणि पलीकडचे रान, असा सगळा रोकडा मामला आहे. यहुदी लोक वल्हांडण सण पाळतात तो याच सुटकेची आठवण म्हणून. पुढे इ. स. पू. सहाव्या शतकात बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, लोकांना हद्दपार केले, आणि संदेष्ट्यांच्या वाणीतून सुटकेची आशा अधिक खोल झाली : केवळ देश परत मिळून भागणार नाही, मनही नवे व्हायला हवे. यशयाच्या ग्रंथाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुसऱ्यांच्या अपराधांसाठी सोसणाऱ्या सेवकाचे चित्र येते. ख्रिस्ती मंडळीने त्यात येशूला पाहिले. यहुदी परंपरेत हा सेवक बहुधा इस्राएल राष्ट्र मानला जातो. हा मतभेद आजही तसाच आहे.

मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येशू ‘देवाचे राज्य’ जवळ आल्याची घोषणा करतो. तारणाचा सिद्धांत तो मांडत नाही, पण माणसे त्याच्या भेटीत सुटतात. यरीहोचा जक्कय हे त्याचे ठळक उदाहरण. रोमी सत्तेसाठी जकात वसूल करणारा, त्यात श्रीमंत झालेला आणि गावाच्या डोळ्यांत सलणारा हा ठेंगणा माणूस येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याच्या घरी उतरतो. जक्कय आपली अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल करतो, आणि येशू जाहीर करतो की या घरात आज तारण आले आहे. इथला ‘आज’ लक्षात घेण्याजोगा आहे. मृत्यू, न्यायनिवाडा, स्वर्ग यांचा उल्लेखही नसताना तारण पदरात पडते आणि त्याची पहिली खूण जमाखर्चाच्या वहीत दिसते.

‘विपुल जीवन’ हा शब्दप्रयोग योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला. तो सुटा उचलून भिंतीवर टांगण्याची प्रथा फार पसरली आहे; संदर्भासह वाचल्यास त्याची धार कळते. नवव्या अध्यायात येशू एका जन्मांधाला दृष्टी देतो आणि धर्मपुढारी त्याच माणसाला सभास्थानातून हाकलून देतात. लगेच पुढे मेंढवाड्याचा दाखला येतो. चोर येतो तो चोरायला, मारायला आणि नाश करायला. येशू आला आहे तो मेंढरांना जीवन, आणि तेही भरपूर, मिळावे म्हणून. चोर कोण, हे ताज्या घटनेनंतर ऐकणाऱ्यांना सांगावे लागले नसते. मागे यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायाची सावली आहे : तिथे कळप सोडून स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांवर, म्हणजे इस्राएलच्या राज्यकर्त्यांवर, देव कोरडे ओढतो. तेव्हा विपुल जीवनाच्या अभिवचनात हाकलल्या गेलेल्या माणसाची बाजू घेणे आधीपासूनच आहे. त्याची किंमतही तिथेच सांगितली आहे : चांगला मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो.

योहानाला या भरपूरपणाची आवडच आहे. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण द्राक्षारसाने काठोकाठ भरतात, पाच हजार लोक जेवून बारा टोपल्या तुकडे उरतात, विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला कधीही न आटणाऱ्या झऱ्याचे पाणी देऊ केले जाते. मात्र याच शुभवर्तमानात येशू शिष्यांना जगात तुम्हांला क्लेश होतील, असेही बजावतो. सार्वकालिक जीवनाची व्याख्या तो काळाच्या मापात करत नाही; देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणे हेच ते जीवन, असे सतराव्या अध्यायात म्हटले आहे. म्हणून योहानाच्या लेखी विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात आधीच पार झालेला असतो.

प्रेषित पौलाने या श्रद्धेला विचारांची चौकट दिली. इ. स. ५७ च्या आसपास लिहिलेले रोमकरांस पत्र हा तिचा मुख्य आधार. त्याची भाषा अनेक क्षेत्रांतून आली आहे : न्यायालयात आरोपी नीतिमान ठरतो, बाजारात गुलाम खंडणी भरून सोडवला जातो, वैरी समेट करतात, परक्याला दत्तक घेतले जाते, मंदिरात बलिदान होते. यांतील कुठलेही एक चित्र पुरेसे नाही, हे पौलाला ठाऊक असावे. नंतरच्या पंडितांनी मात्र एकेक चित्र धरून त्यावर इमले बांधले. पौल तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो : तारण झाले आहे, होत आहे, होणार आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते आणि कर्मांनी कमावता येत नाही, हे इफिसकरांस पत्रातले विधान आणि कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे हे याकोबाच्या पत्रातले विधान एकाच नव्या करारात शेजारी नांदतात. विपुलतेविषयी पौलाची साक्ष तुरुंगातून आली आहे. फिलिप्पैकरांना तो कळवतो की तृप्तीत आणि उपासमारीतही समाधानी राहायला आपण शिकलो आहोत.

क्रुसावरील एका मरणाने सगळ्यांचे तारण कसे होते, याचे अधिकृत उत्तर कोणत्याही सार्वत्रिक धर्मपरिषदेने दिलेले नाही. ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल निकैया (३२५) आणि खाल्केदोन (४५१) येथे शब्द न् शब्द ठरवला गेला. तारणाची यंत्रणा मोकळी राहिली. दुसऱ्या शतकातील इरेनेयस म्हणतो की आदामाने बिघडवलेले मानवी आयुष्य ख्रिस्ताने पहिल्यापासून पुन्हा जगून सावरले. ओरिगेन आणि निस्साचा ग्रेगरी यांच्या लिखाणात सैतानाला दिलेल्या खंडणीची कल्पना येते. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने ती नाकारली : ऋण सैतानाचे नाही, देवाचे आहे; त्याच्या सन्मानाची हानी भरून काढायला माणूसच हवा, पण ते सामर्थ्य देवाजवळच आहे, म्हणून देव माणूस झाला. सरंजामी समाजातला मानापमान या युक्तिवादात उघड दिसतो. पॅरिसचा पीटर अबेलार्ड याने क्रुसाकडे माणसाचे मन पालटवणारे प्रेम म्हणून पाहिले. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या धर्मसुधारक कॅल्व्हिनने पापाची शिक्षा ख्रिस्ताने आपल्यावर घेतली, यावर भर दिला, आणि प्रॉटेस्टंट प्रवचनांत आज बहुधा हेच स्पष्टीकरण ऐकू येते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या या न्यायालयीन भाषेपासून दूर राहिल्या. त्यांच्या दृष्टीने पाप म्हणजे आजार आणि तारण म्हणजे बरे होणे, किंबहुना देवाच्या जीवनात सहभागी होणे. विपुल जीवनाची कल्पना या परंपरेत सर्वांत कमी झिजली, असे म्हणायला जागा आहे.

दुसरा वाद तारणातील माणसाच्या वाट्याचा. माणूस प्रयत्नाने निष्पाप जगू शकतो, असे पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियसचे म्हणणे होते. ऑगस्टीनने ते खोडले आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने पेलाजियसचे मत अमान्य ठरवले. १५१७ मध्ये विटेनबर्गचा मठवासी प्राध्यापक मार्टिन ल्यूथर याने पापाचा दंड माफ करणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध पंच्याण्णव प्रमेये मांडली, तेव्हा पेटलेला प्रश्न तोच होता. त्याच्या मते माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये उत्तर दिले की आरंभ देवाच्या कृपेनेच होतो, पण माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते. चारशेहून अधिक वर्षे ही दरी टिकली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या करून या विषयातील मूलभूत एकमत नोंदवले; २००६ मध्ये मेथडिस्टांनीही तिला संमती दिली.

मंडळीबाहेर तारण नाही, हे तिसऱ्या शतकातील सिप्रियनचे वचन दीर्घ काळ शब्दशः घेतले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या दस्तऐवजात सांगितले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, तेही तारणाला मुकत नाहीत. इव्हँजेलिकल मंडळ्यांपैकी पुष्कळांना हे पटत नाही.

प्रत्यक्ष अनुभवाच्या पातळीवर तारणाला वेगळीच भाषा आहे. १७३८ च्या २४ मे रोजी लंडनमधील एका छोट्या सभेत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचली जात असताना जॉन वेस्लीला आपण तारलो गेल्याची खात्री पटली. तो तेव्हा दीक्षित पाळक होता आणि मिशनरी म्हणून अमेरिकेला जाऊनही आला होता. धर्मात असणे आणि तारण सापडणे यांतला हा फरक पुढे सगळ्या संजीवन चळवळींचा पाया बनला. ‘नवा जन्म’, ‘साक्ष देणे’, ‘येशूला स्वीकारणे’ ही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतली बोली तिथूनच आली आहे. विसाव्या शतकात विपुल जीवनाचा अर्थ दोन विरुद्ध दिशांना ओढला गेला. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९७१ मध्ये मुक्तीचे ईश्वरविज्ञान मांडले आणि गरिबीला जन्म देणारी व्यवस्था हेही पाप ठरवले. उलट अमेरिकेत वाढलेल्या ‘समृद्धीच्या सुवार्ते’ने विपुलतेचा अर्थ आरोग्य आणि पैसा असा लावला; दान पेरा, अनेक पटींनी उगवेल, असे तिचे सांगणे. २०१० मध्ये केपटाउनच्या जागतिक इव्हँजेलिकल परिषदेतून निघालेल्या निवेदनाने या शिकवणीचा स्पष्ट निषेध केला. योहानाचा दहावा अध्याय समोर असताना ती तिथे कशी बसते, हे सांगणे खरोखरच कठीण आहे.

मराठीत ही श्रद्धा प्रथम ओवीतून आली. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली आणि स्वर्गाला वैकुंठ म्हटले. जवळपास तीन शतकांनंतर, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन तिलक अभंगाच्या वाटेने त्याच विषयाकडे आले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे पोचलो, असे ते सांगत. अखेरच्या काळात मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे येशूभक्त चालत, आणि मिशनऱ्यांना ते सहज पचणारे नव्हते.

पंडिता रमाबाईंची कथा या नोंदीच्या विषयाला सर्वांत जवळची आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्रैक्य आणि तत्सम सिद्धांतांवर त्यांनी तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून निर्भीड वाद घातला आणि केवळ अधिकारापुढे मान तुकवायचे नाकारले. पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळायला आणखी जवळपास आठ वर्षे लागली. त्यानंतरचे काम केडगावचे. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी उभारलेल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हेच नाव दिले. तिथे उपासना होई, तशी शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही चाले. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. १९०५ मध्ये मोठे आध्यात्मिक संजीवन घडले तेही याच आवारात. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा भाग महार व मांग समाजांचा होता. दुष्काळात अन्नासाठी आले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. त्यामागे आत्मा आणि पोट वेगळे करण्याची सवय आहे. सभास्थानातून हाकललेल्या आंधळ्याच्या कथेत ती बसत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला पाटी-पेन्सिल, शेजारी बसून प्रभुभोजन आणि स्वतःचे नाव मिळणे यांतले तारण कुठले आणि विपुल जीवन कुठले, हे त्यांच्यापैकी कुणी वेगळे काढून दाखवले नसते. हीच सांगड वसईतील कॅथलिक समाजातही दिसते; धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांनी एकीकडे सुबोध बायबल लिहिले, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि दुसरीकडे हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तिथल्या विहिरी, वाड्या आणि जमिनी वाचवण्याच्या लढ्याचे नेतृत्व केले.