दोन वर, दोन खाली

माझ्या घराशेजारी एक आजोबा राहतात. मिशिगनमध्ये निवृत्त आजोबा म्हणजे बहुतेक करून मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि हेही तसेच. त्यांच्या गराजमध्ये १९४० सालचा फोर्डचा पिकअप ट्रक आहे. बॉनेट उघडलं की आत मात्र शेवरोलेचं इंजिन! ट्रक मूळचा त्यांच्या वडिलांचा, आणि वडील जन्मभर फोर्डमध्ये कामाला. पोराने १९७४ साली त्यात शेवरोलेचं इंजिन बसवलं, तेव्हापासून वडील त्या ट्रकमध्ये बसले नाहीत ते नाहीतच. आपल्याकडे काही घरांत जातीबाहेरच्या लग्नावरून जे होतं, तेच.

मागच्या उन्हाळ्यात हा ट्रक हायवेवर तापला. घरी आणून, थंड करून, पाणी भरून आजोबांनी पुन्हा सुरू केला आणि मला पुढे उभं करून इंजिन रेस केलं. रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारा खालचा रबरी पाइप माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला. फ्रूटीचा खोका शेवटच्या घोटाला होतो ना, अगदी तसा.

"नवा पाइप आणू, त्यात काय!" मी म्हणालो. (मी मेकॅनिकल इंजिनियर खरा, पण हात काळे करून पंधरा वर्षं झाली.) आजोबा नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ कळायला आख्खा शनिवार गेला.

गोष्ट मागून सुरू करावी लागेल. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनली. सुरुवातीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये जायचं, थंड होऊन खाली उतरायचं आणि खालच्या पाइपाने इंजिनात परत. ओढ नाही, दाब नाही. पाइप म्हणजे कापड आणि रबराचा सरळ तुकडा, दोन टोकांना दोन क्लिपा.

१९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणलं. चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेला स्वतःचा पंप आणि पाण्याची स्वतःची वाट. म्हणून रेडिएटरला वर दोन नळ्या, खाली दोन नळ्या. गाडी एक, पाइप चार! शिवाय या इंजिनात जळलेला वायू बाहेर पडताना पाण्याच्या कप्प्यातून वाट काढत जायचा, त्यामुळे ते तापण्याबद्दल बदनाम होतं. तरी १९५३ पर्यंत अमेरिकेत ते चाललं, कारण स्वस्त होतं आणि पळायचं. कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड हलक्या करून शर्यती लावत. १९३७ मध्ये त्यांची संघटना झाली, युद्धावरून सैनिक परतल्यावर हा नाद आणखी पसरला आणि जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं.

मग १९५५ साल उजाडलं. शेवरोलेने नवं व्ही-८ काढलं, ४.३ लिटरचं. साध्यातलं साधं १६२ अश्वशक्तीचं. आजोबांच्या ट्रकचं मूळ इंजिन होतं ८५ चं. पुढे हे इंजिन इतकं बनलं की २०११ मध्ये या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन बाहेर पडलं. ठोकलेल्या गाड्यांच्या भंगारात ते सहज मिळू लागलं आणि फोर्डच्या अंगात शेवरोलेचं काळीज बसवायची रीतच पडली. आमच्या गावच्या स्टँडवर एका अँबॅसडरला मॅटॅडोरचं डिझेल इंजिन होतं, त्याची आठवण झाली. माणसं सगळीकडे सारखीच!

पण या नव्या इंजिनाला पंप एकच. गरम पाणी वर मधोमध एका तोंडातून निघतं, थंड पाणी खाली उजवीकडे एका तोंडातून आत येतं. समोर फोर्डचा रेडिएटर: दोन वर, दोन खाली. शहाणी माणसं रेडिएटर बदलतात किंवा त्याच्या नळ्या नव्याने डाखून घेतात. आजोबांनी दोन नळ्यांवर रबरी टोपणं बसवून क्लिपा आवळल्या होत्या आणि उरलेल्या दोन इंजिनाला जोडल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाले, "तो रेडिएटर बाबांचा आहे." पुढे विचारण्यासारखं काही नव्हतं.

आता पाइप. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं, ॲक्सिलरेटर दाबला की कूस बदलतं. रेडिएटर मात्र ढिम्म. म्हणून पाइपाला वळण हवं, ताणलेला सरळ पाइप टोकाशी फाटतो. कुठेही वाकणारा चुण्याचुण्यांचा पाइप मिळतो, पण तो मला तरी तात्पुरता इलाज वाटतो. वरच्या पाइपात गरम पाणी दाबाने येतं. खालच्या पाइपातून पंप पाणी ओढून घेतो, म्हणून मऊ पडलेला पाइप जोरात रेस केल्यावर चपटा होतो आणि इंजिन तहानेलं राहतं. त्याला जाड, कडक पाइप हवा, किंवा आत तारेची स्प्रिंग. आजोबांच्या पाइपातली स्प्रिंग गंजून तिचा चुरा झाला होता.

आणि दाब किती? आजच्या गाड्यांचं रेडिएटरचं टोपण साधारण १५ पौंडांचं असतं, म्हणजे जवळपास आपल्या घरच्या प्रेशर कुकरइतकं. त्या दाबाला साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. पण ऐंशी वर्षांच्या डाखलेल्या रेडिएटरला तसलं टोपण लावलं तर पाइपाआधी तोच फाटेल. त्यामुळे टोपण कमी दाबाचंच ठेवलं.

पाइप शोधायची जुनी पद्धत आजोबांनी दाखवली. कपडे टांगायच्या हँगरची तार घ्यायची, इंजिनाच्या तोंडापासून रेडिएटरच्या नळीपर्यंत पंख्यापासून लांब ठेवून वाकवायची आणि ती घेऊन दुकानात जायचं. पूर्वी दुकानाच्या भिंतीवर शेकडो पाइप टांगलेले असत. गाडीचं नाव विसरून फक्त आकार जुळवायचा. या इंजिनाला वर दीड इंच, खाली पावणेदोन इंच व्यास लागतो, पण रेडिएटरकडचं टोक वेगळं निघू शकतं, म्हणून दोन्ही टोकं मोजायची. तारेशी जुळणारा पाइप मिळाला तो कुठल्याशा नव्या व्हॅनचा! दोन्ही टोकं कापली आणि बसला. (आवळायच्या स्क्रूच्या क्लिपेचं पेटंट १९२१ मध्ये लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्याने घेतलं. इंग्लंडमध्ये तिला अजून ज्युबिली क्लिप म्हणतात.)

दुकानदाराने आणखी एक सांगितलं: पाइप मधे दाबून बघू नका, क्लिपेजवळ बघा, तो आतून टोकाशी चिरतो. घरी येऊन वरचा पाइप तसा दाबला. मधे टणक, टोकाशी लिबलिबीत. तोही बदलला. रबरी टोपणांचीही तीच गत होती, तीही नवी घातली.

संध्याकाळी इंजिन रेस केलं. खालचा पाइप गोलच राहिला. आजोबांनी फडक्याने रेडिएटर पुसला, बंद केलेल्या नळ्यांसकट, आणि बॉनेट लावलं.