हस्तत्राण आणि पकड

रायफलीच्या नळीभोवती, पुढचा हात जेथे टेकतो तेथे बसविलेल्या आवरणास 'हँडगार्ड' म्हणतात. मराठीत त्यास 'हस्तत्राण' म्हणता येईल. दोन्ही नावांत रक्षणाचा बोध आहे, पकडीचा नाही. कारण तापलेल्या नळीपासून हाताचा बचाव हेच त्याचे मूळ प्रयोजन होय. पकडीचा प्रश्न त्यात मागाहून कसा शिरला, हे अमेरिकन 'एम-१६' रायफलीच्या इतिहासावरून कळते.

व्हिएतनाम युद्धातील या रायफलीचे हस्तत्राण प्लॅस्टिकचे, त्रिकोणी छेदाचे व डाव्या-उजव्या अशा दोन भिन्न भागांचे होते. एक भाग फुटल्यास त्याच बाजूचा सुटा भाग लागे. १९८३ मध्ये अमेरिकन मरीन दलाने स्वीकारलेल्या 'एम-१६ए२' मध्ये ते गोल झाले, त्यावर कंगोरे आले आणि दोन्ही भाग एकसारखे झाले. पकड सुधारली, कोठाराचेही काम सोपे झाले. १९९५ मध्ये उपसाधने जोडण्याच्या खाचदार पट्टीचे प्रमाण निश्चित झाले. पुढे अशा पट्ट्या हस्तत्राणावर आल्या, तेव्हा दिवे बसविण्याची सोय झाली. परंतु खाचांच्या कडा तळहातास बोचू लागल्या आणि त्यांवर रबराची वा प्लॅस्टिकची आवरणे चढवावी लागली.

उष्णता, कोठार व उपसाधने यांच्या गरजांनी हस्तत्राणाचे रूप घडविले. ज्या हाताचे नाव ते धारण करते, त्याच्या सोयीचा विचार मात्र बहुधा मागाहून झाला, असे दिसते.