मूल ते सावली, 15 धावा

रविवार, 10 मार्च 2024, सकाळी नऊ

वानखेडेवर नाणेफेक विदर्भाने जिंकली आणि कर्णधार अक्षय वाडकरने मुंबईच्या हाती बॅट दिली. रणजी करंडकाचा अंतिम सामना, पाच दिवसांचा. समोरच्या संघाने हा करंडक 41 वेळा नेलेला, आपण दोनदा, 2017-18 आणि 2018-19. दोन्ही वेळी आपला प्रशिक्षक होता चंद्रकांत पंडित, म्हणजे अस्सल मुंबईकर. 2018-19 मध्येच आपण नागपुरात मुंबईला एक डाव 145 धावांनी लोळवलं होतं आणि त्यात 178 धावा होत्या वसीम जाफरच्या. तोही मुंबईचाच. मुंबईला हरवायला मुंबईचीच माणसं आणावी लागतात, असं कोणी म्हणालं की आमच्याकडे भांडण ठरलेलं.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांची रग्बी लीगची मालिका दर वर्षी होते. तिच्या मागचं दुखणं विदर्भाच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. क्वीन्सलँडची पोरं पोटासाठी सिडनीच्या क्लबांकडे जायची आणि आंतरराज्य सामन्यात न्यू साउथ वेल्सकडून उतरून आपल्याच गावाला हरवायची. 1980 साली नियम बदलला: खेळाडू जिथे घडला त्या राज्याकडून खेळेल. 8 जुलैला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पस्तिशीचा आर्थर बीटसन क्वीन्सलँडचा कर्णधार म्हणून उतरला आणि 20-10 ने जिंकूनच बाहेर आला. आपल्याकडे असा नियम नाही. या सामन्यात विदर्भाकडून करुण नायर होता कर्नाटकचा, ध्रुव शोरी दिल्लीचा. उमेश यादव मात्र पक्का इकडचा. वडील खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीत कामाला होते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस या पट्ट्यात एवढी ओळख पुरते. खाणीतल्या माणसाचं पोर म्हटलं की तो घरचा.

रविवार, दुपार

वाडकरचा निर्णय दुपारपर्यंत शहाणपणाचा दिसत होता. पृथ्वी शॉ आणि भूपेन लालवानी यांनी 81 धावांची सलामी दिली, आणि मग मुंबईची माळ तुटली. 111 वर 6. चंद्रपुरात त्या वेळी ऊन टाळक्यावर आलेलं, तरी मी पंखा बंद करून बसलो होतो, कारण पंख्याच्या आवाजात समालोचन ऐकू येईना. मग शार्दूल ठाकूर आला आणि 69 चेंडूंत 75 मारून गेला. मुंबई 224.

दिवस संपताना विदर्भ 31 वर 3. शोरी आणि नायर दोघेही भोपळ्यावर.

सोमवार, 11 मार्च, सकाळ

अनर्थ कधी झाला म्हणून विचाराल तर तो इथे झाला. पुढचे साडेतीन दिवस सगळ्यांनी, मी धरून, डोळे दुसरीकडे लावले.

विदर्भ 105 धावांत सर्वबाद. सर्वाधिक 27, यश राठोडच्या. धवल कुलकर्णीने 15 धावांत 3, शम्स मुलानीने 32 धावांत 3, तनुष कोटियनने अवघ्या 7 धावांत 3. मुंबईला 119 धावांची आघाडी.

रणजीच्या अंतिम सामन्यात या आघाडीचा अर्थ वेगळा असतो. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ करंडक नेतो. म्हणजे सोमवारी सकाळी विदर्भाच्या तोंडावर एक दार बंद झालं. नुसतं टिकून राहून काहीच मिळणार नव्हतं. आता फक्त जिंकायचं होतं, आणि समोर पूर्ण तीन दिवस पडलेले. मुंबईला घाई करायची गरजच उरली नाही.

मंगळवार, 12 मार्च

मुंबईने ती घाई केलीही नाही. 19 वर्षांच्या मुशीर खानने 326 चेंडू खेळून 136 केल्या. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक ठोकणारा मुंबईचा सर्वांत तरुण फलंदाज हा मान तोवर सचिन तेंडुलकरचा होता, तो त्याच्याकडे गेला. अजिंक्य रहाणे 73. श्रेयस अय्यरने मात्र तडाखेबंद 95 केल्या. हर्ष दुबेने पाच बळी काढले, पण त्यासाठी 144 धावा मोजल्या. मुंबई 418.

विदर्भापुढे लक्ष्य 538. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग जगात कुठे झालेला नव्हता. त्याआधीचा सर्वांत मोठा 536 चा, तोही भारतातच, 2010 च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाने केलेला, युसूफ पठाणच्या नाबाद 210 वर. म्हणजे जिंकायचं असेल तर जागतिक विक्रम करूनच जिंकायचं. संध्याकाळी बिनबाद 10.

बुधवार, 13 मार्च

या दिवसाबद्दल आमच्याकडे कोणी वाईट बोलत नाही. नायरने 220 चेंडूंत 74 केल्या, झाडावरच्या मुंग्या मोजाव्यात तसा एकेक चेंडू मोजत. तो मुशीरच्या गोलंदाजीवर गेला. वाडकर उभा राहिला. संध्याकाळी 5 बाद 248. वाडकर 56, हर्ष दुबे 11, दोघेही नाबाद. आणखी 290 हव्या.

रात्री जेवताना मी मोठ्यानेच म्हणालो, उद्या होते. घरात कोणी उत्तर दिलं नाही.

गुरुवार, 14 मार्च, सकाळी साडेनऊ

मला त्या दिवशी गडचिरोलीला एक कागद आणायला जायचं होतं. 1982 च्या ऑगस्टपर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते, चंद्रपूर. जिल्हे वेगळे झाले, पण आमच्या सातबाराला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. नऊची गाडी पकडणार होतो. म्हटलं, एक विकेट पडू दे, मग निघू.

पडेना.

सकाळी साडेदहा

वाडकर आणि दुबे खेळत आहेत. मुंबईचे फिरकीपटू दोन्ही टोकांकडून टाकताहेत, फलंदाजाभोवती माणसं वाकून उभी. चेंडू बॅटच्या कडेजवळून गेला की यष्टिरक्षक ओरडतो, स्लिप ओरडतो, आणि दुबे खेळपट्टीवर बॅटने काहीतरी ठोकून परत उभा राहतो. दुबे मुळात डावखुरा फिरकीपटू. त्याच्याकडून एवढी बॅटिंग कोणी धरली नव्हती. दहाची गाडी गेली. साडेदहाचीही गेली.

सकाळी साडेअकरा, उपाहार

5 बाद 333. संपूर्ण सत्रात एकही बळी नाही. 205 हव्या, हातात पाच गडी आणि दोन सत्रं. आकड्यांत ते अवघडच होतं. पण मघाशी हसणारे लोक आता हसत नव्हते, आणि खेळात एवढं पुरतं. उपाहाराची संधी साधून मी स्टँड गाठला आणि मूलमार्गे गडचिरोलीच्या लालपरीत बसलो.

गाडी बायकांनी भरलेली. अर्धं तिकीट झाल्यापासून ही गाडी कधी रिकामी जात नाही. दोघींच्या पायाशी पिशव्या, त्यात पहिलं मोह. तो गोड, थोडा आंबूस वास सगळ्या गाडीत. माझ्या पुढच्या बाकावर कॉलेजातला एक पोरगा, मोबाइल आडवा धरून बसलेला. माझा डेटा सकाळीच संपला होता. मी त्याच्या खांद्यावर वाकलो. त्याने मागे पाहिलं आणि काही न बोलता मोबाइल माझ्या बाजूला तिरका केला.

बारा वाजून दहा मिनिटं

लोहारा सुटलं की जंगल सुरू होतं. पळस पेटलेला, सागाची पानं झडून गेलेली. मुंबईत खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा आम्ही घंटाचौकीच्या पुढे होतो आणि मोबाइलच्या पडद्यावर एक गोल फिरत होता. रेंज नाही. गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं की इथे रेंज नसते, तरी पोरगा मोबाइल खिडकीबाहेर धरून बघत होता.

“काऊन रे, काय पाहून राह्यला?” मोहवाल्या बाईने विचारलं.

“मॅच आहे आजी. विदर्भाची.”

“कोनासंगं?”

“मुंबईसंगं.”

आजीने मान हलवली. मुंबईसंगं म्हटल्यावर पुढचं काही विचारावं असं तिला वाटलं नाही.

चिचपल्लीला गोल थांबला आणि चित्र हललं. एकही गडी गेलेला नव्हता.

साधारण पाऊण वाजता, मूल

मूल यायच्या आधी वाडकरचं शतक झालं. पोराने मुठी आवळल्या. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मग ओशाळलो, ओळख ना पाळख. कर्णधाराचं शतक, चौथ्या डावात, अंतिम सामन्यात, वानखेडेवर. नाणेफेक जिंकून मुंबईला फलंदाजी देणाराही हाच, हे तेवढ्यापुरतं विसरलो. 5 बाद 353. दोघांची भागी 130 ची. हव्या 185.

मूलच्या स्टँडवर पोरगा उतरला. मोबाइल खिशात घातला, मला हात केला आणि गर्दीत गेला. त्याच्याबरोबर सामनाही गेला. मी कंडक्टरला विचारलं, मागच्या बाकावरच्या दोघांना विचारलं. एकाकडे साधा मोबाइल, दुसऱ्याची बॅटरी संपलेली.

साधारण एक वाजता, मूल आणि सावलीच्या मध्ये

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही, नंतर जोडून घेतलेलं आहे. गाडी धानाच्या कापल्या बांध्यांमधून जात होती. मी मनात हिशेब करत होतो की षटकामागे साडेतीन धावा पडल्या तर चहापानापर्यंत कुठे पोहोचू. त्याच वेळी वानखेडेवर कोटियनचा एक चेंडू वाडकरच्या पॅडवर लागला. पायचीत, 102. दुबे 65 वर तुषार देशपांडेला बळी गेला. आदित्य सरवटेही देशपांडेला. यश ठाकूर कोटियनला. एकेकाला यायला आणि जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मध्ये गेला.

मग रहाणेने चेंडू धवल कुलकर्णीच्या हातात दिला. धवलचा हा अखेरचा प्रथम श्रेणी सामना होता. समोर उमेश यादव. त्रिफळा.

353 वर 5, आणि 368 वर सर्वबाद. 15 धावांत पाच. मुंबई 169 धावांनी विजयी, 42 वा करंडक.

माझ्या गाडीत मात्र विदर्भ अजून खेळत होता.

सावलीचा स्टँड

गाडी थांबली. शेंगदाण्याची पुडी विकणारा पोरगा खिडकीपाशी आला. मी पुडी घ्यायच्या आधी स्कोअर विचारला.

“गेले ना जी सप्पा,” तो म्हणाला. “दहा रुपये.”

मला वाटलं तो थट्टा करतोय. पाच गडी होते रे, म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि पुढच्या खिडकीकडे गेला. शेजारच्या टपरीवर दोन माणसं मोबाइल बघत होती. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतली मंडळी एकमेकांना मिठ्या मारत होती, तेवढं गाडीतूनही दिसलं.

दुपारी पावणेदोन, वैनगंगेचा पूल

वैनगंगेत पाणी कमी, वाळू जास्त. आजी झोपली होती. पुलावर मला पहिल्यांदा नीट कळलं की गेलेल्या तासाने काहीही बिघडवलेलं नव्हतं. समजा वाडकर आणि दुबे संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते, एकही गडी गेला नसता, तरी करंडक मुंबईचाच होता. त्या 119 धावा सोमवारपासून उंबऱ्यात बसलेल्या होत्या. गुरुवारी सकाळी दोन तास आम्ही ज्याला आशा म्हणत होतो ती 538 ची जागतिक विक्रमाची अट होती, आणि ती अट आम्ही 105 मध्ये बाद होऊन स्वतःच लिहून दिली होती.

लोक मात्र आजही त्या 15 धावांबद्दलच बोलतात. चहावर बोलायला पडझड बरी पडते. सोमवारच्या सकाळी विदर्भाची अर्धी माणसं कामावर होती आणि त्या 105 धावा पाहिलेल्यांना त्या आठवायच्या नाहीत.

अजून एक. मुंबईने विदर्भाला डावललं हे गाऱ्हाणं नागपूर मोठ्या आवाजात सांगतं. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवरच्या आमच्या तोंडी तेच गाऱ्हाणं असतं, फक्त मुंबईच्या जागी कधीकधी नागपूर येतं. सामना चालू असेपर्यंत तो शब्द आम्ही गिळून ठेवतो, एवढं खरं.

त्या दिवशी कागद मिळाला नाही. उद्या या, म्हणाले.

फेब्रुवारी 2025, नागपूर

पुढच्या मोसमाच्या उपांत्य फेरीत पुन्हा तेच दोन संघ, या वेळी आमच्या मैदानावर. पहिल्या डावात पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केलं. दुसऱ्या डावात यश राठोडने 151 केल्या. वानखेडेवर 27 करून सगळ्यांत वर राहिलेला हाच तो. मुंबईपुढे 406 चं लक्ष्य, मुंबई 325 वर सर्वबाद. हर्ष दुबेने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले आणि मोसम संपताना त्याचे 69 झाले, रणजीच्या एका मोसमातला सर्वाधिक आकडा. अंतिम सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाने करंडक नेला, आणि तो सामना अनिर्णित राहिला होता. पहिल्या डावात विदर्भ 379, केरळ 342.