धूळपाटी, बोरू आणि काचेची पाटी

माळव्यात, देवास जिल्ह्यात, हाटपिपल्या नावाचे एक गाव आहे. नावातच हाट असलेल्या ह्या गावातून देवासला किंवा इंदूरला महाविद्यालयीन शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आज एक नवा प्रश्न उभा राहतो. वर्गात टिपणे घेण्यासाठी वहीच पुरेशी मानावी, की काचेवर लेखणीने लिहिता येईल असा लहानसा संगणक घ्यावा? आणि घ्यावयाचा तर कोणता? प्रश्न वरकरणी दुकानातला आहे. परंतु लेखनाचे साधन बदलते तेव्हा काय हाती येते आणि काय निसटते, हे ह्या मुलखाने पूर्वी एकदा पाहिलेले आहे. म्हणून तो इतिहासाच्या उजेडात पाहणे उचित ठरेल.

आपल्याकडील जुन्या शाळेत मुलाच्या हाती प्रथम येई ती धूळपाटी. लाकडी फळीवर धूळ किंवा विटेची पूड पसरावी, काडीने अक्षर गिरवावे आणि हात फिरवून पुसून टाकावे. खर्च नाही, चुकीचे भय नाही. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल ह्यांनी तिथल्या देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, आपल्या शाळेत ती पद्धत आणली आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांनी ती उचलली. पुढे इंग्रजी शाळांबरोबर दगडी पाटी आपल्याकडे आली आणि धूळपाटी मागे पडली. दोन्ही पाट्यांचा गुण एकच आणि उणीवही एकच: लिहिलेले पुसता येते, म्हणून ते टिकत नाही. अक्षर गिरविण्यास त्या उत्तम. टिपण राखण्यास निरुपयोगी.

टिकाऊ लेखन होते बोरूचे आणि कागदाचे. दरबारात, कचेरीत बोलणाऱ्याच्या वेगाने लिहावे लागे आणि त्या गरजेला मोडी लिपी अनुरूप होती. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर काढीत जाई. शब्द तोडीत नसत, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्वदीर्घाचा काटेकोरपणाही नसे. शिंदे, होळकर आणि पवार ह्यांच्याबरोबर ही लिपी माळव्यात आली आणि ग्वाल्हेर, इंदूर, धार व देवास येथील दप्तरांत स्थिरावली. वेगाने टिपण घेण्याची इतकी पक्की रीत आपल्याकडे दुसरी क्वचितच झाली असेल.

परंतु तिचे पुढे काय झाले? छापखान्यात बाळबोध रूढ झाली, १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडीचे शिक्षणही सरले. आज माळव्यातील अनेक मराठी घरांत पणजोबांची पत्रे ट्रंकेत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, परंतु वाचणारा नाही. २०१४ साली युनिकोड ह्या जागतिक संकेतात मोडीला स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र त्याने ट्रंकेतले पत्र आपोआप वाचले जात नाही.

आता काचेच्या पाटीकडे वळू. पटलावर लेखणीने लिहावयाचा बाजारी संगणक १९८९ च्या सुमारास अमेरिकेत ‘ग्रिडपॅड’ ह्या नावाने आला. १९९३ साली अ‍ॅपल कंपनीने ‘न्यूटन’ काढला. हस्ताक्षर ओळखण्यात तो इतका चुके की तो थट्टेचा विषय झाला, आणि १९९८ मध्ये तो बंद पडला. २००२ साली मायक्रोसॉफ्टने ‘टॅब्लेट पीसी’ची प्रणाली बाजारात आणली. आपल्या देशातही बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी लेखणीने चालणारा ‘सिम्प्युटर’ घडविला. तो २००४ साली बाजारात आला, परंतु रुजला नाही. प्रत्येक उपकरणाबरोबर त्याची स्वतःची साठवणुकीची रीत आली, आणि उपकरण गेले तेव्हा त्या रीतीने लिहिलेले टिपण पोरके झाले. ट्रंकेतल्या मोडीचीच ही नवी आवृत्ती नव्हे काय?

तेव्हा विद्यार्थ्याने काय पाहावे? पहिली कसोटी हाताची. काही लेखण्या केवळ बोटाचे काम करतात; त्यांच्याने लिहिताना तळहात काचेला टेकला तर रेघा उमटतात. दुसऱ्या प्रकारात पटलाखाली तारांची सूक्ष्म जाळी असते, लेखणीला त्या जाळीच्या चुंबकीय क्षेत्रातूनच शक्ती मिळते आणि तिच्यात बॅटरी लागत नाही. काही लेखण्यांत स्वतःची बॅटरी असते. ह्या दोहोंपैकी कोणतीही चालेल. मात्र हात टेकून लिहिता आले पाहिजे आणि रेघ लेखणीच्या मागे रेंगाळता कामा नये. पटल वहीच्या पानाएवढे असावे आणि बॅटरी दिवसभराच्या तासांना पुरावी.

दुसरी कसोटी लिपीची. हाटपिपल्याच्या मराठी घरातला मुलगा घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो आणि विज्ञानाची सूत्रे रोमन अक्षरांत लिहितो. कळफलकाला प्रत्येक वेळी लिपी बदलावी लागते; लेखणीला लागत नाही. आकृती आणि समीकरणेही तिला सारखीच सोपी. २०१४ साली म्युलर व ओपनहायमर ह्या अमेरिकन संशोधकांनी असे दाखविले की, हाताने टिपणे घेणारे विद्यार्थी आशयाच्या प्रश्नांत सरस ठरतात, कारण शब्दशः उतरवून घेणे त्यांना अशक्य असल्याने ते निवड करतात. नंतरच्या प्रयोगांत हा निष्कर्ष तितका ठाम राहिला नाही. तरी ऐकता ऐकता निवड करण्याची सवय हितावहच. हस्ताक्षराचे छापील अक्षर करून देणारी सोय असल्यास, विकत घेण्यापूर्वी आपल्याच अक्षरात ‘ज्ञ’, ‘क्ष’ आणि दोन-चार जोडाक्षरे लिहून तिची परीक्षा घ्यावी.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि दुकानात ती सहसा कोणी विचारीत नाही. लिहिलेली पाने पीडीएफसारख्या सर्वमान्य रूपात बाहेर काढता येतात काय? हे यंत्र मोडले, कंपनी बुडाली किंवा वर्गणी थांबली, तर ती दुसऱ्या यंत्रावर उघडतील काय? ह्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते यंत्र कितीही देखणे असो, ती धूळपाटीच समजावी. त्यापेक्षा साधी वही बरी. तिला चार्जरही लागत नाही.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा दोष नव्हता. त्याच्या काळी ती लिपी रूढ होती, आणि ती कधी अनोळखी होईल हे त्याला सुचण्याचे कारण नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक आहे. म्हणून त्याने सत्र संपताच आपली टिपणे बाहेर काढून दुसऱ्या जागी ठेवावीत, आणि महत्त्वाची पाने कागदावर छापून घ्यावीत.